कालनिर्णयच्या चौकटीत बुंदीचं पोट

आमच्या स्वयंपाकघरातल्या २०२४ च्या कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाशेजारी आणखी एक बारीक आकडा आहे. एक ते सात. दूधवाल्यानं एकदा विचारलंही, "वहिनी, हे दोन, पाच, सहा काय लिहिलंय? मी तर रोज दीडच लिटर घालतोय." त्याला काय सांगणार? तो आकडा आमच्या बुंदीच्या शीचा आहे. १ म्हणजे लेंडीसारखी कडक, २ म्हणजे उत्तम, उचलल्यावर फरशीला डाग राहत नाही अशी, आणि ७ म्हणजे निव्वळ पाणी. हे कोष्टक डॉक्टरांनी दिलं, पण मे महिन्यात. त्यामुळं एप्रिलच्या चौकटी कोऱ्या आहेत, आणि खरं तर त्याच भरायला हव्या होत्या.

बुंदी म्हणजे आमची लॅब्रॅडॉर. तेव्हा साडेपाच वर्षांची, वजन ३१ किलो, रंग नावाला शोभेल असा. खाज आणि कान दुखणं या दोन गोष्टींनी तिला दोन वर्षं छळलं होतं. कोरडं पाकिटातलं खाणं तीनदा बदलून झालं. रंकाळ्यावर सकाळी फिरायला येणाऱ्यांत एक शेफर्डवाले काका आहेत, त्यांच्या कुत्र्याची कातडी अशी की तेल लावल्यासारखी. ते म्हणाले, "कच्चं द्या. जंगलात लांडग्याला कोण कुकर लावून देतंय?" हे वाक्य आमच्या ह्यांना इतकं आवडलं की घरी येईपर्यंत त्यांनी ते मला तीनदा ऐकवलं.

मग मी रीतसर वाचायला घेतलं. कच्च्या आहाराची ही जी पद्धत आहे ती इयान बिलिंगहर्स्ट नावाच्या ऑस्ट्रेलियन पशुवैद्यानं १९९३ मध्ये लोकांपुढं मांडली, तिथून जगभर गेली. त्यातूनच पुढं निघालेलं आणि सगळ्यांच्या तोंडी असलेलं सूत्र म्हणजे ऐंशी-दहा-दहा: ८० टक्के मांस, १० टक्के हाड, १० टक्के अवयव, आणि त्या अवयवांतला निम्मा वाटा कलेजीचा. रोजचं खाणं कुत्र्याच्या वजनाच्या दोन ते तीन टक्के. बुंदीसाठी अडीच टक्क्यांनी पाऊण किलोच्या वर. मी वजनकाटा आणला. वही केली. कोल्हापुरात मटण-चिकन मिळवायची काय अडचण? आमच्या नेहमीच्या दुकानातल्या भाऊंना सांगितलं, तर त्यांनी दुसऱ्याच दिवशी खिमा, कलेजी-पेटा, चिकनच्या माना, थोडी वजडी असं सगळं वेगवेगळ्या पिशव्यांत बांधून दिलं आणि विचारलं, "पाहुणे किती आलेत?"

माझ्या सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. त्या ओट्यावरचा वजनकाटा बघून म्हणाल्या, "आमच्या गावाकडं कुत्री भाकरी-ताकावर वाढली. एकाचं बी पोट कधी बिघडलं न्हाई." गावाकडच्या कुत्र्यांच्या पोटाकडं तेव्हा कुणी बघत होतं का, हा माझा प्रश्न मी गिळला.

एप्रिलमधल्या एका सोमवारी आदल्या रात्रीपर्यंतचं खाणं बंद आणि सकाळपासून कच्चं, असा बदल मी केला. बुंदीला स्वर्ग दोन बोटं उरला. तिसऱ्या दिवशी पोट बिघडलं. पातळ, वर शेंबडासारखी चिकट साय, आणि दिवसातून सहा-सात वेळा थोडं थोडं. मी घाबरून काकांना विचारलं. "डिटॉक्स होतंय. आतलं सगळं विष बाहेर पडतंय," ते म्हणाले. आज मला या शब्दाचाच राग येतो. कोणतं विष, कुठून आलं, हे कुणी सांगत नाही. पण शब्द असा की त्यानंतर विचारायचंच काही उरत नाही. आणि नवव्या दिवशी पोट आपोआप जागेवर आलं, त्यामुळं माझी तर खात्रीच पटली. प्रत्यक्षात झालं होतं एवढंच, की आतड्यातल्या जंतूंना नव्या खाण्याशी जुळवून घ्यायला जो आठवडा-दहा दिवस लागतो, तो मी दिलाच नव्हता. जुन्या खाण्यात थोडं थोडं नवं मिसळत नेलं असतं तर बहुतेक हे टळलं असतं.

मे महिन्याकडं येते, कारण खरी गोष्ट तिथं आहे.

चिकनच्या माना स्वस्त. बुंदीला त्या कुरूम-कुरूम चावायला आवडायच्या, आणि ते बघायला आम्हालाही. खिम्याची पिशवी संपली की त्या दिवशी मानाच जास्त, असं हळूहळू होत गेलं. वहीत मी त्या 'मांस' या रकान्यात लिहीत होते. मानेत साधारण तिसरा हिस्सा हाडच असतं, हे माझ्या लक्षातच आलं नाही. म्हणजे कागदावर दहा टक्के आणि पोटात पंचवीस. शी पांढरट व्हायला लागली. आकारानं लहान, वास जवळजवळ नाही, दुसऱ्या दिवशी पायानं ढकलली तर खडूसारखी भुगा व्हायची. मला याचं कौतुक होतं, बरं का. कच्चं देणारे सगळेच सांगतात, उचलायला सोपी जाते. मी ननंदेला फोनवर हे अभिमानानं सांगितल्याचं मला आठवतंय.

मग बुंदी कुंथायला लागली. बागेत कमान करून बसायची, चार पावलं पुढं जायची, परत बसायची. अकरा मेच्या सकाळी तिच्या शेपटीखालून तपकिरी पाणी थेंब थेंब गळत होतं आणि त्यात दोन लाल धागे होते. मला वाटलं जुलाब. घरात माणसांच्या जुलाबाच्या गोळ्या होत्या, त्यातली अर्धी मी तोडूनही ठेवली होती. ह्यांनी आधी फोन करायला लावला म्हणून वाचले. डॉक्टरांनी फोनवर एकच विचारलं, "शेवटची घट्ट शी कधी झाली?" मला आठवेना. बुधवार? तो दिवस शनिवार होता.

एक्स-रेची काच उजेडावर लावल्यावर डॉक्टरांना काही समजावून सांगावंच लागलं नाही. मणक्याच्या खाली, पोटाच्या मागच्या भागात, मनगटाएवढा जाड एक पांढरा दांडा होता. कोऱ्या खडूंचे तुकडे नळीत कोंबून बसवावेत तसा. मणक्यापेक्षाही पांढरा. ते सगळं हाडाचं पीठ होतं, मोठ्या आतड्यानं पाणी शोषून घेऊन वीट केलेलं. गळत होतं ते पाणी त्या विटेच्या कडेकडेनं वाट काढून येत होतं. वरून जुलाब दिसतो आणि आत गच्च कोंडलेलं असतं. त्यावर जुलाब थांबवायची गोळी दिली असती तर काय झालं असतं, हे त्यांनी मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

बुंदीला थोडी गुंगी देऊन कोमट पाण्याचा एनिमा दिला. एकदा नव्हे, चारदा. तीन तास लागले. मी बाहेरच्या बाकावर बसून होते, आत मधूनमधून धातूच्या ट्रेमध्ये गारा पडाव्यात तसा आवाज यायचा. त्या आवाजाची मला अजून लाज वाटते. घरी येताना शी मऊ करणारं लॅक्टुलोजचं सिरप आणि ते कोष्टक मिळालं. "रोज आकडा लिहायचा," डॉक्टर म्हणाले. "आणि शीत चिकटपणा, ताजं लाल रक्त, वारंवार थोडं थोडं असं दिसलं तर मोठं आतडं. एकदम भरपूर पाणी आलं आणि वजन उतरायला लागलं तर लहान आतडं. डांबरासारखी काळी झाली तर तसंच उठून इकडं यायचं. मात्र आदल्या दिवशी कलेजी जास्त घातली असेल तरी गडद होते, ते आधी आठवून बघा."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. सगळं लिहून घेतल्यावर त्यांनी विचारलं, "घरात लहान मूल आहे?" होतं. सुट्टीला आलेल्या ननंदेचा दहा महिन्यांचा मुलगा, रांगणारा, बुंदीनं चाटलेला हात तोंडात घालणारा. डॉक्टर म्हणाले, कच्च्या मांसातून कुत्र्याच्या पोटात साल्मोनेला नावाचा जंतू जातो, कुत्र्याला कधी कधी काहीच होत नाही, पण शीतून तो बाहेर पडत राहतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०१० मध्ये सुरू केलेल्या तपासणीत पाकीटबंद कच्च्या पेट फूडचे १९६ नमुने घेतले होते. १५ मध्ये साल्मोनेला आणि ३२ मध्ये लिस्टेरिया मोनोसायटोजेनिस हा दुसरा जंतू सापडला. मेलबर्न विद्यापीठानं तर २०१८ मध्ये कच्चं चिकन, त्यातही माना, यांचा संबंध कुत्र्यांच्या एका लुळेपणाशी जोडून दाखवला. त्यात मागचे पाय आधी जातात, आणि संशयित जंतू म्हणजे चिकनवरचा कॅम्पिलोबॅक्टर. "फ्रीझरमध्ये ठेवल्यावर मरत असतील ना?" मी विचारलं. "झोपतात," ते म्हणाले.

तरीही मी कच्चं बंद केलं नाही. हे लिहायला सोपं नाही, पण नाही केलं. माझं म्हणणं असं, की चूक पद्धतीची नव्हती, माझ्या मापाची होती. ननंद परत गेल्यावर मी नव्यानं सुरुवात केली, या वेळी हाड खरोखर मोजून. जून आणि जुलैच्या चौकटी बघा: २, २, ३, २, २. बुंदीची कातडी चकचकीत झाली, दात स्वच्छ झाले. खाजही कमी झाली. पण त्याच महिन्यात आम्ही गोचिडांचं औषध बदललं होतं, त्यामुळं श्रेय कुणाला द्यायचं हे मला आजही ठरवता येत नाही. काकांनी मात्र ते लगेच घेतलं.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यापाशी आधी ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली, मग ४३ फुटांची धोक्याचीही. आमच्या भागात पाणी आलं नाही, पण वीज गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. फ्रीझरमध्ये नऊ किलो माल होता. हात लावून बघितला तर पिशव्या मऊ, तळाशी गुलाबी पाणी. एवढी अक्कल आली होती, की हे पुन्हा गोठवून चालणार नाही. सगळं पुरून टाकलं. आत्या दारात उभ्या राहून बघत होत्या. "पावण्यांना येवढं मटण कधी घातलं न्हाईस," एवढंच म्हणाल्या.

म्हणजे साठा शून्य, पावसामुळं दुकानांत माल कमी, आणि समोर चार ऑगस्टचा रविवार, दीप अमावस्या. कोल्हापुरात गटारीला मटणाच्या दुकानापुढं कशी रांग लागते ते सांगायला नको. भाऊंना मान वर करायला फुरसत नव्हती, पण मला बघून त्यांनी एक जड पिशवी पुढं सरकवली. "बुंदीसाठी ठेवलंय, पैसे नकोत." गिऱ्हाइकांच्या मटणातून काढलेले तुकडे होते. पांढरे, पिवळसर, वर थोडं लाल चिकटलेलं. मला कळत होतं की यात चरबी फार आहे. पण आठवडाभर तिला भातावरच ठेवलं होतं, आणि सणाचा दिवस होता, आणि फुकट होतं. तिन्ही कारणं मी तेव्हा मनात याच क्रमानं मांडली होती.

रात्री दोनला उलटीचा आवाज आला. मग परत. पहाटेपर्यंत पाच वेळा, शेवटी नुसतं पिवळं पित्त. सकाळी मी हातात बिस्किट धरलं तर तिनं मान फिरवली. लॅब्रॅडॉर पाळणाऱ्यांना मी काय म्हणतेय ते कळेल. आमच्या घरात त्याआधी असं कधी झालं नव्हतं. मग ती पुढचे दोन्ही पाय पसरून छाती जमिनीला टेकवून, मागचा भाग वर ठेवून उभी राहिली. आळस देताना कुत्री देतात तशीच पोज, पण तिथून उठेचना. ह्यांना वाटलं खेळायला बोलावतेय. पोटात वरच्या बाजूला दुखतं तेव्हा कुत्री असं करतात.

स्वादुपिंडाच्या लायपेजची, म्हणजे चरबी पचवणाऱ्या रसाची, झटपट चाचणी होते, डबीत रक्ताचा नमुना टाकायचा आणि दहा मिनिटं थांबायचं. बुंदीच्या डबीतला ठिपका शेजारच्या ठिपक्यापेक्षा गडद आला. सोनोग्राफीतही सूज दिसली. पॅन्क्रियाटायटिस, म्हणजे स्वादुपिंडाचा दाह. पचनाचा रस आतड्यात जाऊन कामाला लागायच्या ऐवजी ग्रंथीतच जागा होतो आणि तिलाच पचवायला घेतो. एकदम भरपूर चरबी पोटात जाणं हे त्याचं एक नेहमीचं निमित्त. तीन दिवस सलाईन, उलटी थांबवायचं इंजेक्शन, दुखणं कमी करायचं इंजेक्शन, आणि दुसऱ्या दिवसापासून अगदी थोडं, चरबी नसलेलं, शिजवलेलं खाणं. सगळे मिळून साडेअकरा हजार रुपये गेले. चरबी फुकट मिळाली होती.

त्या तीन दिवसांत मला एक गोष्ट उमगली, आणि ती कुठल्या लेखात मला सापडली नव्हती. आपल्याकडं मांसाचा सगळा व्यवहार चुलीच्या भरवशावर चालतो. सकाळी सातला कापलेलं दुपारी बारापर्यंत आकड्याला लटकतं, एकाच लाकडी ठोकळ्यावर पन्नास गिऱ्हाइकांचं तुटतं, घरी येईपर्यंत स्कूटरच्या डिकीत ऊन खातं. यात भाऊंचा काही दोष नाही. त्यांना ठाऊक आहे की हे तासाभरात कुकरमध्ये जाणार, तांबड्या रश्श्यात खळखळ उकळणार. शिजणं हा त्या मटणाचा शेवटचा टप्पा आहे आणि तो प्रत्येक जण करणार हे गृहीत आहे. मी तोच टप्पा गाळला, आणि बाकी सगळं तसंच ठेवलं. वर कापल्यापासून घरी येईपर्यंत गोठवलेलं ठेवायची व्यवस्था नाही, घरात वीज जाते, आणि मे महिन्यात ओट्यावर ३६ अंश. परदेशातलं सूत्र मी ग्रॅमपर्यंत पाळत होते, पण ते ज्या साखळीवर उभं आहे ती साखळी माझ्याकडं नव्हतीच.

ह्यांचा लांडगा मात्र अजून शिल्लक होता. तो डॉक्टरांनी संपवला. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये कुत्रा आणि लांडगा यांचे जनुक ताडून बघितले, तर पिष्ट पचवणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती, कुत्र्यात मात्र कितीतरी जास्त. माणसाच्या उष्ट्यावर हजारो वर्षं जगता जगता कुत्र्याचं पोट बदलत गेलं. ही बातमी मी घरी सांगितली तेव्हा आत्यांनी मान वर केली नाही, कणीक मळत राहिल्या. नुसतं "भाकरी," म्हणाल्या.

आता बुंदीसाठी रोज सकाळी छोटा कुकर लागतो. चिकनचं छातीचं मांस कातडी काढून, तांदूळ, लाल भोपळा, मधूनमधून पालक. कॅल्शियम आणि जीवनसत्त्वांची पूड डॉक्टरांनी मापून दिलीय, कारण घरचं शिजवलेलं म्हणजे आपोआप पुरेसं असंही नसतं. हाड नाही, शिजवलेलं तर अजिबात नाही, ते चिरफळ्या होऊन टोचतं. पहिले दोन महिने तिन्हीत्रिकाळ थोडं थोडं, मग दोनदा. खाज पुन्हा आली, तेव्हा मी खाण्याला हात न लावता आधी कातडीच्या डॉक्टरकडं गेले. काका अजून रंकाळ्यावर भेटतात. त्यांचा शेफर्ड कच्च्यावरच आहे आणि मजेत आहे. तसं असू शकतं, मी वाद घालत नाही. फक्त ते कुणा नव्या माणसाला डिटॉक्स सांगायला लागले की मी एक्स-रेचा फोटो काढून पुढं धरते.

भाऊ आता न सांगता चिकनची कातडी आणि चरबी काढून देतात आणि विचारतात, "आमच्या पेशंटचं बरंय ना?"

नव्या कालनिर्णयवर जानेवारीभर मी आकडे लिहिले, सगळे दोन. फेब्रुवारीपासून चौकटीत फक्त दूध आहे. मार्चमध्ये चौदा तारखेला तेवढा एक पाच दिसेल. आदल्या दिवशी होळी होती, आणि टेबलाखाली आपण पुरणपोळी दिली नाही, असं आत्या अजूनही शपथेवर सांगतात.